भीम निघून गेल्यावर

सुझन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ २००८ साली आली. पुढच्याच वर्षी तिचा दुसरा भाग ‘कॅचिंग फायर’ आला आणि २०१० मध्ये ‘मॉकिंगजे’ने ही त्रयी पुरी झाली. उत्तर अमेरिकेच्या अवशेषांवर उभं राहिलेलं पॅनेम नावाचं राष्ट्र, त्याची चैनीत लोळणारी राजधानी कॅपिटॉल आणि तिला राबून पोसणारे बारा डिस्ट्रिक्ट, असं हे जग आहे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडायची, त्या चोवीस जणांना रिंगणात सोडायचं, आणि एकच जण जिवंत उरेपर्यंत त्यांची झुंज साऱ्या देशाला टीव्हीवर दाखवायची. सोळा वर्षांची कॅटनिस एव्हरडीन धाकट्या बहिणीची चिठ्ठी निघाल्यावर तिच्या जागी उभी राहते आणि जिवंत परत येते. इथपर्यंत पहिला भाग.

दुसऱ्या भागाबद्दल मात्र दोन टोकांची मतं आहेत. पुढच्या संवादातली भाची जळगावला एम. ए. करते. मामा धुळ्याच्या देवपुरात राहणारे निवृत्त मराठी शिक्षक, तिथल्या एका वाचनालयाच्या पुस्तक निवड समितीवर आहेत. दोघांनाही पुस्तकांचा मनापासून लळा, म्हणूनच वादही मनापासूनचा.

मामा : मामी सांगत होती, रात्री दोनपर्यंत तुझ्या खोलीत दिवा होता. मला वाटलं, अभ्यास चाललाय.

भाची : ‘कॅचिंग फायर’ पुन्हा वाचतेय, मामा. पहिला भाग एकदा वाचला आणि ठेवून दिला. हा मात्र हातातून सुटत नाही.

मामा : इथेच माझी पहिली शंका आहे बेटा. पोरगी रिंगणातून जिवंत आली, गोष्ट पुरी झाली. दुसऱ्या भागात पुन्हा तेच रिंगण, पुन्हा तेच कॅमेरे. एक पुस्तक खपलं की त्याला पुढचा डबा जोडायचा. आता तर २०२० मध्ये आणि २०२५ मध्ये त्याच जगाच्या मागच्या काळातल्या कादंबऱ्याही आल्या.

भाची : तुमच्या कपाटात नेमाडे सरांचा चांगदेव पाटील आहे. ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’. चार भाग, आणि चारही तुम्ही पुठ्ठे चढवून ठेवलेत. त्याचं एक कॉलेज सुटतं आणि दुसरं लागतं, तेव्हा तुम्हाला पुढचा डबा जोडल्यासारखं वाटत नाही?

मामा : नेमाड्यांची गोष्ट वेगळी. नोकरी तीच असली तरी प्रत्येक गाव चांगदेवातलं काहीतरी काढून घेतं. पुढच्या भागात तो आधीचा माणूस राहत नाही. पुढचा भाग लिहायला तेवढं कारण तरी हवं.

भाची : मग तीच कसोटी इथे लावू. कॅटनिस जिंकून घरी आली. विजेत्यांच्या वसाहतीत मोठं घर मिळालं, दरमहा पैसे मिळतात, आई आणि बहीण पोटभर जेवतात. आणि एक दिवस राष्ट्राध्यक्ष स्नो स्वतः तिच्या घरी येऊन बसतात. पहिल्या भागाच्या शेवटी तिने आणि तिच्याच डिस्ट्रिक्टमधून निवडलेल्या पीटाने विषारी फळं तोंडाशी धरली होती. दोघंही मेले तर विजेताच उरला नसता, म्हणून खेळ चालवणाऱ्यांना माघार घ्यावी लागली. कॅपिटॉलच्या लोकांना त्यात प्रेम दिसलं. डिस्ट्रिक्टमधल्या लोकांना दिसलं की राजधानीला नमवता येतं. स्नो तिला सांगतात, ते सगळं प्रेमापोटीच होतं असं साऱ्या देशाला पटवून दे, नाहीतर तुझी माणसं वाचणार नाहीत. म्हणजे रिंगणात शरीर वाचवायचं होतं, आता रोज चेहरा सांभाळायचा. तिच्यातलंही बरंच काही काढून घेतलं गेलंय.

मामा : कारण पटण्यासारखं आहे. पण ती करते काय? मी वाचलंय हे पुस्तक, समितीपुढे आलं होतं. तिच्या मनात पहिला विचार येतो पळून जायचा. घरच्यांना घेऊन जंगलात निघून जावं. मग मित्राला चौकात चाबकाने फोडतात, तेव्हा थांबते. मग पुन्हा घाबरते. आख्खं राष्ट्र तिच्या नावाने पेटायला लागलंय आणि बाईंना ते नको आहे.

भाची : मला ती आवडते ती याचसाठी.

मामा : आता माझं ऐक. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात नंदुरबार पश्चिम खानदेशात होतं, जिल्ह्याचं ठाणं आपलं धुळे. ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार मेहता तिरंगा घेऊन मिरवणुकीत निघाला. वय पंधरा. समोर बंदुका होत्या, तरी झेंडा खाली ठेवला नाही. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम हीही पोरं गोळीबारात गेली. त्यांना कुणी ढकललं नव्हतं. माझ्या वर्गात ही गोष्ट सांगताना मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ताठ बसायची. तरुण वाचकाला असा नायक द्यावा. मागे मागे सरणारी, दुसऱ्यांनी पुढे लोटलेली नायिका देऊन त्याला काय शिकवायचं?

भाची : शिरीषकुमारपुढे मीही हात जोडते, मामा. पण हुतात्म्याची गोष्ट गोळीपाशी थांबते. त्या मिरवणुकीतून जी पोरं जिवंत घरी गेली, त्यांना त्या रात्री झोप लागली का? त्यांच्या आयांनी दुसऱ्या दिवशी त्यांना बाहेर पडू दिलं का? पुढच्या वेळी ती पुन्हा निघाली असतील, तर मनाला काय समजावून निघाली असतील? ‘कॅचिंग फायर’ अशा जगलेल्या पोरीचं पुस्तक आहे. तिने मरण जवळून पाहिलंय. ज्याने ते पाहिलंय तो ‘चला’ म्हटल्यावर लगेच उठेल, हे मला खोटं वाटतं.

मामा : पण नायकात आपल्यापेक्षा काही अधिक हवं ना?

भाची : अधिक आहेच. फक्त ते अधिक फार महागात पडतं आणि पुस्तक त्याची किंमत लपवत नाही. विजयाच्या दौऱ्यातला डिस्ट्रिक्ट अकराचा प्रसंग आठवा. तो शेतीचा डिस्ट्रिक्ट. रिंगणात मेलेली छोटी रू तिथली. ठरवून दिलेलं भाषण वाचायचं आणि निघायचं, एवढंच काम होतं. समोर रूचे आईवडील आणि भावंडं उभी आहेत, आणि कॅटनिसला गप्प बसवत नाही. ती रूबद्दल चार शब्द मनापासून बोलते. गर्दीतला एक म्हातारा रूची चार सुरांची शीळ घालतो. सगळी गर्दी तीन बोटं ओठांना लावून तिच्याकडे धरते. आणि त्या म्हाताऱ्याला ओढून आणून तिच्या डोळ्यांदेखत गोळी घालतात. चार शब्द बोलले की समोरचा माणूस मरतो, हे कळल्यावर कोणती पोरगी हौसेने भाषणं करेल? तिचं मागे सरणं भित्रेपणातून आलेलं नाही. आपल्यामुळे कोण मरेल याचा हिशेब तिला ठेवावा लागतो.

मामा : हा प्रसंग चांगला उतरलाय, मान्य. पण मला खुपतं ते आणखी एक आहे. तू म्हणतेस, पुस्तक वाचताना मजा येते. मजा कशाची? पोरं एकमेकांना मारताहेत आणि आपण पान उलटतोय. कॅपिटॉलचे लोक पडद्यासमोर बसून हेच करतात. दुसरा भाग सिनेमा होऊन २०१३ मध्ये आला, तेव्हा अमेरिकेतल्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने कॅपिटॉलच्याच नावाने मेकअपचा संच काढला. ज्यांच्या चैनीपायी पोरं मरतात त्यांच्यासारखं नटायचं! लेखिकेने आरसा धरला आणि बाजाराने त्यात भांग पाडून घेतला.

भाची : मेकअपच्या संचाचा मलाही राग येतो. पण तो बाजाराचा दोष, पुस्तकाच्या माथी कसा मारायचा? कॉलिन्सबाईंनी आधी मुलांच्या टीव्हीसाठी लिहिलंय, पडदा माणसाला काय करतो हे त्यांना आतून ठाऊक. वडील हवाई दलात होते, व्हिएतनामला गेले तेव्हा त्या सहा वर्षांच्या. एका रात्री त्या चॅनेल बदलत बसल्या होत्या. इकडे स्पर्धेचा रिअॅलिटी शो, तिकडे इराक युद्धाची दृश्यं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायला लागली. त्या अस्वस्थतेतून ही त्रयी आली, असं त्यांनीच सांगितलंय. आणि मामा, दुसऱ्या भागात रिंगण यायला पुस्तकाचा दोन तृतीयांश भाग जावा लागतो. मारामारीसाठीच वाचणारा तोवर कंटाळून उठेल.

मामा : मग तुला रात्री दोनपर्यंत जागवलं कशाने?

भाची : बारीकसारीक गोष्टींनी. डिस्ट्रिक्ट बाराभोवतीच्या कुंपणात वीज असायला हवी, पण ती बहुतेक वेळा नसते. म्हणून कॅटनिस शिकारीला जाऊ शकते. दुसऱ्या भागात एके दिवशी ती बाहेर असतानाच त्या तारा गुणगुणायला लागतात. आता घरी कसं जायचं? ती झाडावर चढून कुंपणापलीकडे उडी टाकते, टाच दुखावते, आणि लंगडत घरी येते तर दारात शिपाई वाट पाहताहेत. त्यांच्यासमोर हसतखेळत थापा मारायच्या. तेव्हा श्वास रोखून वाचते मी. किंवा पंचाहत्तराव्या खेळाची घोषणा. यंदाची चिठ्ठी आधीच्या विजेत्यांमधूनच निघणार. डिस्ट्रिक्ट बाराची जिवंत विजेती एकटी कॅटनिस, म्हणजे तिचं जाणं ठरलेलंच. ती घराबाहेर धावत सुटते, एका रिकाम्या घराच्या तळघरात शिरते आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशी किंचाळते. मग सावरते आणि ठरवते की या वेळी पीटाला वाचवायचं. नको असलेलं काम पत्करताना माणूस आतून कसा हलतो, हे त्या दोन पानांत दिसतं. माझी मजा तिथे आहे.

मामा : तू एरंडोलवरून आलीस ना काल?

भाची : हो, एस.टी. तिथेच तर थांबते. का?

मामा : एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. जवळच्या पद्मालयाला भीमकुंडही दाखवतात. तुझ्या लेखिकेला ग्रीकांचा मिनोटॉर सुचला म्हणे. अथेन्सची सात मुलं आणि सात मुली क्रीटला पाठवायच्या, ती कथा. अगं, तसली कथा आपल्या रस्त्यावर आहे. बकासुराला रोज गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. घराघराला पाळी. राजा दुबळा, त्याने लोकांना वाऱ्यावर सोडलेलं. पाळी येते ती ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरलेत त्याच्यावर. कुंती भीमाला पाठवते, भीम आधी तो भात स्वतः खातो आणि मग बकासुराला मारतो. नायक असा असतो! काम पडलं, गेला, करून आला.

भाची : मामा, भीम जाण्याआधी त्या घरात काय होतं ते सांगा ना.

मामा : रडारड. ब्राह्मण म्हणतो मी जातो, बायको म्हणते मी जाते. मुलगी म्हणते, कधीतरी मला या घरातून जायचंच आहे, तर आत्ताच मला द्या आणि बाकीचे जगा. लहानगा मुलगा गवताची काडी उचलून राक्षसाला मारायला निघतो.

भाची : त्या मुलीचं नाव काय?

मामा : नाव… नाव नाही दिलेलं.

भाची : कॅटनिस म्हणजे मला ती मुलगी वाटते. भीम बाहेरून आलेला, अंगात हत्तीचं बळ. त्याला भीती कसली? ती मुलगी त्याच गावची, तिचीच पाळी, तिचाच धाकटा भाऊ. तिलाही जायचं नव्हतंच. घरातलं दुसरं कुणी जाऊ नये म्हणून ती उभी राहिली. महाभारतात भीम आला आणि तिची गोष्ट बाजूला पडली. या कादंबरीत भीम येतच नाही. तिलाच जावं लागतं.

मामा : हं. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

भाची : आणि भीम निघून गेल्यावर काय?

मामा : बकासुराचं धूड वेशीवर टाकून तो गुपचूप घरी येतो. कुणी मारलं ते गावाला कळू द्यायचं नसतं, कारण पांडव लपून राहत होते. मग लोक उत्सव करतात, आणि पांडव द्रौपदीच्या स्वयंवराला निघून जातात.

भाची : राजा तोच राहिला ना पण? ज्याने गाव वाऱ्यावर सोडलं होतं तोच? मग दुसऱ्या बकासुराला पाळी लावायला किती वेळ लागेल? पहिला भाग बकासुराच्या रिंगणातून सुटण्याचा आहे. दुसरा भाग त्या राजाचा आहे. म्हणून मला तो पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. आणि पॅनेममधली पाळी सगळ्या घरांना सारखी नाही, हेही लक्षात घ्या. ज्या घरात धान्य नाही, तिथल्या मुलाने आपल्या नावाची चिठ्ठी जास्तीची टाकायची आणि बदल्यात एका माणसापुरतं वर्षाचं धान्य-तेल घ्यायचं. दरवर्षी त्या चिठ्ठ्या साठत जातात. भूक जितकी जास्त, तितकं रिंगण जवळ.

मामा : हे मात्र अंगावर येतं. कापूस गेला की मजुरीवर जाणाऱ्या घरातली पोरं मी वर्गात पाहिलीत. हुशार पोरगा दिवाळीनंतर यायचाच बंद व्हायचा. चिठ्ठी कुणाची निघणार हे हजेरीपटावरून आधीच कळायचं. पण माझा शेवटचा आक्षेप अजून उभाच आहे बेटा. दुसऱ्या भागाच्या शेवटी काय निघतं? बंडखोरांनी तिला वाचवायची योजना आखलेली असते. सोबतच्या निम्म्या विजेत्यांना ती ठाऊक असते. रिंगणात पाठवलेले पाव कोणत्या डिस्ट्रिक्टचे यावरून सुटकेचा दिवस आणि त्यांच्या संख्येवरून तास कळवलेला असतो. आणि नायिकेला यातलं काही माहीत नसतं! तिच्या नावाने क्रांती आणि तिलाच पत्ता नाही. अशाने पोरं हेच शिकतील की राज्यकर्ते वाईट आणि बंडखोरही वापरून घेणारे. मग विश्वास ठेवायचा कुणावर? तरुण वयात एवढा अविश्वास बरा नव्हे.

भाची : मला वाटतं, तरुण वयातच ते कळावं. तिला कळल्यावर ती शांत बसत नाही, ज्याने लपवलं त्या हेमिचच्या, तिच्या मार्गदर्शकाच्या, तोंडावर नखं ओढते. तिचं गाव बेचिराख झालंय हे तिला शेवटच्या पानांवर कळतं. आपलं तोंड, आपलं नाव, आपला पोशाख कुणीतरी झेंड्यासारखा वापरतंय, मग ते चांगल्या कामासाठी का असेना, याचा राग यायलाच हवा. मला हा अविश्वास वाटत नाही, ही जाग आहे. आणि जागी झालेली पोरं घरात बसत नाहीत. २०१४ च्या मे महिन्यात थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी हीच तीन बोटं उंचावली. त्यासाठी त्यांना पकडलं गेलं. २०२१ मध्ये म्यानमारच्या रस्त्यांवर तीच खूण दिसली. त्यांनी ती कॅटनिसकडून घेतली. जिला पुढे यायचं नव्हतं, तिच्याकडून.

मामा : त्या पोरांना माझा नमस्कार. पण बघ, तिथेही ती स्वतःहून उठली. शेवटी नायक तोच, जो ठरवून उठतो.

भाची : आणि ठरवण्याआधी तो किती वेळा नाही म्हणाला, ते दुसऱ्या भागात लिहिलेलं असतं.

वाद इथे मिटला नाही आणि मिटायची गरजही नाही. मामांचा आग्रह खरा आहे. निश्चयाने पुढे जाणाऱ्या माणसांच्या गोष्टी खानदेशाने जपल्या पाहिजेत, आणि दुःखाचा तमाशा करणाऱ्या बाजाराकडे संशयाने पाहिलं पाहिजे. पण एका बाबतीत माझं मत भाचीच्या बाजूने आहे. पहिला भाग धाडस दाखवतो आणि दुसरा भाग त्या धाडसाचा हिशेब मांडतो. कुमारवयातल्या वाचकाला दोन्ही लागतं. नको म्हणणारी, घाबरणारी, तरीही आपल्या माणसांसाठी उभी राहणारी कॅटनिस त्या वयाला जवळची वाटते, कारण त्या वयाचं बहुतेक आयुष्य इतरांनीच ठरवलेलं असतं. कोणती शाखा, कोणतं गाव, कधी लग्न, हे सारं मोठ्यांच्या बैठकीत ठरत असताना ‘मला हे नको आहे’ एवढं आधी स्वतःशी म्हणता यावं लागतं.

म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आणि तालुक्यातालुक्यांतल्या वाचनालयांना एक विनंती. गाजलेल्या मालिकेचा पहिला भाग घेतलात तर पुढचे भागही घ्या, आणि ते कपाटात कुलपाआड न ठेवता मुलांच्या हाताशी ठेवा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनो, मुलगी रात्री उशिरापर्यंत वाचत बसली असेल तर दिवा मालवण्याआधी तिला एवढं विचारा, की पुढे काय झालं.